फिर्यादीचा माल

"दिदी, माझा कागद पाहिजे," खेम म्हणाला.

मी पडवीत बसून पेट्यांत पेंढा भरत होते आणि अप्पा ओट्यावर आंबे निवडत होते. कागद माझ्याकडे मागितला तरी मागणं अप्पांकडे होतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. खेम पायरीच्या खाली उभा होता, टोपी हातात घेऊन. त्याची बायको पबित्रा जरा मागे फणसाच्या बुंध्याला टेकली होती. सातवा महिना होता तिला. मळभ आलं होतं, पान हलत नव्हतं, आणि त्या उकाड्यात तिचा चेहरा पिवळट दिसत होता.

"कसला कागद?" अप्पांनी वर न बघता विचारलं.

"कॅम्पचा, मालिक. ट्रंकेतला."

"हंगाम संपला काय?"

"नाही मालिक. पण वीस तारखेला कॅम्पमध्ये मोजणी आहे. फोन आला. कार्ड घेऊन प्रत्येकानं स्वतः उभं राहायचं. जो नसेल त्याचं नाव काटणार."

"मग काटू दे. परत लावतील."

"नाही लावणार, मालिक. ही शेवटची मोजणी आहे. ह्या यादीवरून लोकांना दुसऱ्या देशात घर देणार. नाव नसलं तर आम्ही कुठलेच नाही."

त्या दिवशी बारा मे होती, शनिवार. रत्नागिरीहून गाडी पकडायची, मुंबईला बदलायची, मग बंगालच्या टोकाला उतरून सीमा ओलांडायची, म्हणजे चार दिवस धरून चाला. हिशेब सोपा होता. दोन-तीन दिवसांत निघाले तर पोचणार होते.

आमच्या गावात ही रीतच होती. बागेच्या राखणीला नेपाळी गुरखा दिवाळीनंतर यायचा, आल्या दिवशी आपली कागदपत्रं मालकाच्या हवाली करायचा आणि शेवटचा आंबा उतरला की परत घ्यायचा. गुरखा ऐन हंगामात पळू नये म्हणून ही सोय. पण तसं कोणी म्हणत नसे. सगळे म्हणायचे, "कागद आम्ही जपून ठेवतो. बागेत खोपीला वाळवी लागते." आमच्याकडे ते माझ्या आईच्या लग्नातल्या ट्रंकेत असायचे, आणि आई गेल्यापासून त्या ट्रंकेची चावी माझ्या कमरेला असायची.

खेम आमच्याकडे सहा हंगाम होता. गाव त्याला बहादूर म्हणायचं, कारण गावाच्या लेखी सगळे गुरखे बहादूरच. त्याचं नाव खेमप्रसाद दाहाल, आणि तो नेपाळचा नव्हताच. पहिल्या वर्षी पोलिसांत द्यायचा फॉर्म मी भरत होते. "देश?" म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "भूतान, दिदी. पण ते नाही म्हणतात. शिपाई आले, बापाच्या हातात कागद दिला, आपल्या खुशीनं चाललोय असं लिहून घेतलं आणि बाहेर काढलं. मी चौदा वर्षांचा होतो. नेपाळात कॅम्प आहे, पण नेपाळ पण आमचा नाही." मी पेन धरून बसले. शेवटी अप्पा म्हणाले, "लिही नेपाळ आणि मोकळी हो." मी नेपाळ लिहिलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून असली सगळी कामं माझ्याकडे.

तर त्या शनिवारी अप्पांनी हातातला आंबा खाली ठेवला आणि प्रथमच खेमकडे पाहिलं.

"हे बघ, सुर्व्यांच्या बागेतला पंप चोरीला गेला आणि त्यांचा गुरखा पण गेला. गाव तापलंय. परवा बसस्टॉपवर त्या निवेंडीच्या गुरख्याला लोकांनी खांबाला बांधला, ठाऊक हाय ना? त्याचा काय संबंध होता? काय नाय. फक्त पिशवी घेऊन उभा होता. तू आता बायको घेऊन बाहेर पडलास तर तुझं काय होईल? आंबा उतरू दे. एकतीस तारखेला मी स्वतः सोडीन तुला स्टेशनात."

"एकतीसला उशीर होईल, मालिक."

"बस झालं आता. पबित्रे, उकड्या तांदळाची पेज हाय चुलीवर, खाऊन घे."

अप्पा वाईट नव्हते. मी आज हे त्यांची बाजू घ्यायला सांगत नाही, खरं तेच सांगते. पबित्रासाठी त्यांनी सुईणीला आधीच सांगून ठेवलं होतं, आईची दोन मऊ लुगडी बाळंतपणाला काढून दिली होती. त्यांना माणूस कळत नव्हता असं नाही. फक्त आपल्या ट्रंकेत काय आहे ते त्यांना कळत नव्हतं.

आणि मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. आदल्याच दिवशी, शुक्रवारी, माझा भाऊ दिगंबर याचा आखातातून फोन आला होता. त्याचा करार संपून तीन महिने झाले होते, पण कंपनीच्या मालकानं पासपोर्ट कपाटात घालून कुलूप लावलं होतं. दिगू फोनवर रडला. अप्पांनी फोन ठेवला आणि तुळशीसमोर उभं राहून म्हणाले, "दुसऱ्याचा कागद दाबून ठेवणारा सुखानं मरायचा नाय. किडे पडतील मेल्याला."

खेम गेल्यावर मी म्हटलं, "अप्पा, काल दिगूच्या मालकाला काय म्हणालात तुम्ही?"

त्यांचा हात थांबला. "तो विषय वेगळा."

"कसा वेगळा?"

"दिगूला देश हाय. उद्या काय झालं तर वकिलात हाय, विमान येईल. ह्याला कोण हाय? कागद हरवला तर परत देणार कोण? म्हणून तर जपून ठेवलाय. तुला नाय कळायचं, बाय."

आपला तो बाब्या. मी पुढे बोलले नाही. अप्पांसमोर एकदा तोंड बंद केलं की ते पुन्हा उघडायला मला फार वेळ लागतो, हा माझा जुना रोग.

रविवारी सकाळी बागायतदारांची बैठक होती, सुर्व्यांच्या खळ्यात. अप्पा गेले. मी ट्रंक उघडली. आईच्या शालूखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कार्ड होतं. जाड, घड्यांवर फाटत आलेलं. वर कॅम्पचं नाव आणि एक नंबर, खाली माणसांची नावं आणि एक काळपट फोटो. फोटोत खेम, त्याची आई, पुढे वारलेला बाप आणि नवी नवरी पबित्रा. कडेला चौकोनांच्या रांगा होत्या, दर मोजणीला एका चौकोनाला भोक पाडलेलं. शेवटचा चौकोन तेवढा शिल्लक होता.

मी खोपीवर गेले तेव्हा पबित्रा भात गाळत होती. कार्ड बघून तिनं हात साडीला पुसले, पण कार्डाला लावले नाहीत. खेमनं घेतलं, कपाळाला टेकवलं.

"मालिकला काय सांगणार, दिदी?"

"ते मी बघते. बाराची एस.टी. आहे, मागच्या पाणंदीनं जा. गावातून जाऊ नका."

"मालिक रागावतील."

"मी सांगेन ना त्यांना, की मी दिला. सगळं सांगते. तुम्ही निघा."

हे शब्द माझे आहेत. ते मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत.

दोघं पाणंदीत दिसेनाशी झाली. पबित्रा कमरेवर हात ठेवून चालत होती. बागेत वानरं रोज धुडगूस घालायची, त्या दुपारी एक फांदीही हलली नाही. मी घरी येऊन ट्रंकेला कुलूप घातलं, चावी परत कमरेला लावली, आणि अप्पांना कसं सांगायचं त्याची वाक्यं जुळवत बसले.

अप्पा आले ते एकटे नव्हते. बरोबर बावा सुर्वे होता आणि आणखी दोघं. बैठकीत ठरलं होतं, महिनाअखेरपर्यंत एकाही गुरख्याचा कागद सोडायचा नाही. कोण कुठे आहे ते बघायला हे लोक बागाबागांतून फिरत होते.

"खोपी रिकामी हाय, जनार्दन," बावा म्हणाला. "चूल अजून गरम हाय. भात तसाच टाकून पळालाय. कागद बघ तुझा."

अप्पांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी चावी दिली. ट्रंक उघडली, शालू उचलला गेला. पिशवी नव्हती.

"चोरलान," बावा म्हणाला. "सांगत नव्हतो मी? पंप पण ह्यांचाच. खाल्ल्या मिठाला जागत नाय ही जात."

आता सांगायचं, असं मी मनात म्हटलं. बावा दारात उभा होता, अप्पा ट्रंकेपाशी वाकलेले होते, आणि त्यांच्या मानेवरची शीर उडत होती. चार माणसांत त्यांची पोरगी उठून म्हणणार, की तुमचा शब्द मी मोडला. ते गेल्यावर सांगू, असं मी ठरवलं.

"स्टेशनवर फोन लावतो," बावा म्हणाला. "माझा साडू तिथंच हाय. पण लेखी फिर्याद पायजे."

अप्पा सावकाश सरळ झाले. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बाय, वही घे. तुझं अक्षर चांगलं हाय. लिही."

मी लिहिलं. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. "माझ्या राहत्या घरातून, माझ्या मालकीच्या ट्रंकेतून, आमचा गुरखा नामे बहादूर याने कुलूप उघडून खालील वस्तू चोरून नेली." खालील वस्तू म्हणून मी लिहिलं, "एक जुने कार्ड, नग एक." कोणाचं कार्ड ते अप्पांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी ठाण्यातून बोलावणं आलं. दोघांना रविवारी संध्याकाळीच प्लॅटफॉर्मवर धरलं होतं. पबित्रा बाकावर भिंतीला टेकून बसली होती, पाय सुजलेले. खेम खाली फरशीवर उकिडवा. आम्ही आत गेलो तसा तो उठून उभा राहिला आणि अप्पांना नमस्कार केला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्याला वाटत होतं, दिदी आली, आता झालं.

तांबे हवालदारांनी फिर्याद समोर ठेवली. "कार्ड ट्रंकेतून कोणी काढलं?"

खेमनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत होते. मग तो म्हणाला, "मी काढलं, साहेब."

"कुलूप कसं उघडलंस?"

तो गप्प.

"चावी कुठून आणलीस? बोल!"

हवालदारांनी त्याच्या कानाखाली मारली. डाव्या. आवाज एवढा मोठा झाला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. खेम धडपडला, भिंतीला धरून उभा राहिला आणि तरी काही बोलला नाही. पबित्रानं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तांब्यांनी रुमालानं हात पुसला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. आवाज एकदम मऊ. "बाई, मी पंचनामा केलाय. कुलूप फोडलेलं नाही, खरवडलेलं नाही. चावी कोणाकडे असते ते मला गावानं सांगितलंय. तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा. दोन ओळी लिहून द्या, ह्यांना आत्ता मोकळं करतो. दुपारच्या गाडीनं जातील."

कोरा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. वर पेन ठेवलं.

अप्पा माझ्या शेजारी बसले होते, हात गुडघ्यांवर. ते काही म्हणाले नाहीत, खोकलेसुद्धा नाहीत. मला आठवतं, पंख्याच्या वाऱ्यानं कागदाचं टोक उडत होतं आणि मी ते बोटानं दाबून धरलं.

"मला काही माहीत नाही," मी म्हटलं.

चोरी करणारा तरी भुकेपोटी करतो. मी कशापोटी केलं? घरातली शांतता मोडू नये म्हणून. बावा सुर्व्यानं चार ठिकाणी सांगू नये म्हणून. एवढंच होतं ते, ह्याहून मोठं कारण मला अजून सापडलेलं नाही.

गुरुवारी, सतरा तारखेला, त्यांना सोडलं. पंप निवेंडीच्या एका गाववाल्याकडेच सापडला, मग एका जुन्या कार्डापायी त्यांना ठेवून घ्यायचं कारण उरलं नाही. सतरा आणि चार एकवीस. ती दोघं आमच्याकडे आली नाहीत. कोणी सांगितलं, स्टेशनच्या दिशेनं चालत गेली.

आणि कार्ड? ते चोरीचा माल म्हणून जप्त झालं होतं. चोरीचा माल ज्याचा, त्याला परत मिळतो. फिर्यादीत लिहिलं होतं, माझ्या मालकीच्या ट्रंकेतून. जूनमध्ये कोर्टातून अप्पांना बोलावून त्यांची सही घेतली आणि ते कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घरी आणलं, आईच्या शालूखाली ठेवलं आणि चावी मला परत दिली.

खेम सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दिगूचा फोन आला होता. तो हसत होता. ऑफिसातल्या एका मलबारी कारकुनानं मालकाचं कपाट उघडून पासपोर्ट त्याच्या हातात ठेवला होता. "आणि मालकानं विचारलं तेव्हा सरळ सांगितलंन गो, मी दिला म्हणून. नोकरी गेली बिचाऱ्याची." अप्पांनी देवापुढे नारळ फोडला. त्या कारकुनाचं नाव काय, असं मी विचारलं. दिगू म्हणाला, "नाव नाय विचारलं. घाईत होतो."

ह्या सगळ्याला अठरा वर्षं झाली. बाग आता मी बघते. गुरखे अजून येतात. त्यांचे कागद मी घेत नाही, ह्यावरून गावानं मला नावं ठेवून झाली. ट्रंक अजून तिथंच आहे. कार्ड पाठवावं असं मला दर वर्षी वाटायचं, आणि पत्ता कुठाय, असं म्हणून मी दर वर्षी सुटायची. पत्ता कार्डावरच होता.

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीचा आवाज, हिंदी बोलणारा, जपून जपून.

"प्रणाली दिदी का? मी सुजिता. सुजिता दाहाल. माझे बाबा तुमच्या बागेत होते. नंबर सुर्व्यांच्या नव्या गुरख्यानं दिला."

मी फोन घेऊन पडवीबाहेर आले.

"इथले, कॅम्पमधले बहुतेक सगळे गेले, दिदी. अमेरिकेला, कुठे कुठे. आम्ही राहिलो. आमचं नाव यादीत नाही. मला शाळेनं घेतलं, पण पुढे कॉलेजला कागद मागतात. आता एक वकीलबाई यादीतून सुटलेल्या लोकांचे अर्ज करतायत. त्या विचारतात, मोजणीला का नव्हता? बाबा सांगतात ते कोणी मानत नाही. जुनं कार्ड पाहिजे, आणि कोणाची तरी लेखी साक्ष. पंधरा दिवस आहेत."

"बाबा कुठे आहेत?"

"इथंच बसलेत. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही, म्हणून फोन मी धरते." मागे कोणीतरी काहीतरी बोललं. ती म्हणाली, "बाबा म्हणतात, साक्ष तिथं असेलच. दिदीनं तेव्हाच सगळं सांगितलं असणार, आम्ही गेल्यावर. ठाण्यात लिहिलेलं असेल. ते जुने कागद मिळतील का, विचारतायत."

मी "देते पाठवून" एवढंच म्हटलं.

संध्याकाळी मी कार्ड काढलं आणि पडवीत कागद घेऊन बसले. अप्पा ओट्यावर होते. ऐंशी झाली त्यांना, नजर अधू झाली, तरी आंबे निवडतात, हातानं चाचपून.

"काय लिहितेस गो?"

"खेमची साक्ष." मी पेन खाली ठेवलं. "अप्पा, कार्ड त्यानं चोरलं नव्हतं. मी दिलं होतं. कुलूप मीच उघडलं होतं."

त्यांनी हातातला आंबा नाकाशी नेला, वास घेतला, बाजूला ठेवला.

"ठाऊक हाय मला. चावी तुझ्याच कमरेला होती."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तेव्हा ठाऊक होतं? मग फिर्याद मला का लिहायला लावलीत?"

"तू थांबतेस काय ते बघत होतो," अप्पा म्हणाले. "ठाण्यात पण वाट बघितली. तू बोलली असतीस तर मी नाय म्हणालो नसतो. आपणहून बोलायचं मला झालं नाय."

मग त्यांनी हात धोतराला पुसला आणि पुढे केला. "झालं लिहून की वाचून दाखव. खाली माझी पण सही लागेल. फिर्यादी मी होतो."

मी पेन उचललं. वर तारीख घातली आणि पहिली ओळ लिहिली: "सदर कार्ड खेमप्रसाद दाहाल यांचे स्वतःचे होते."